चौदा कापलेले दोर

"फोन ठेवा बाजूला. ही उगाच मारलेली थाप नव्हे, आमच्या विक्रमवर गुदरलेली गोष्ट आहे," चंद्रकांतकाकांनी बेसमेंटमध्ये जमलेल्या पोरांना आधीच बजावलं.

विक्रम कॅनडात, नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्यावर, तिथल्या मूळ रहिवासी मिकमाक लोकांच्या मासेमारी ऑफिसात नोकरीला. तिथला तंटा जुनाच. जुन्या करारानं मिकमाकांना मासेमारीचा हक्क आहे आणि शेजारच्या गावातल्या काही कोळ्यांच्या तो डोळ्यांत सलतो. ते रात्री येऊन यांच्या लॉबस्टरच्या पिंजऱ्यांचे दोर कापतात. विक्रमनं मत्स्य खात्याकडे सात तक्रारी केल्या. दर वेळी एकच उत्तर: पुरावा आणा! पालथ्या घड्यावर पाणी. माणसानं चिडू नये तर काय करावं?

शेवटी गेल्या ऑक्टोबरात चौदा कापलेले दोर हाती लागले. गुरुवारी सकाळी नऊला खात्याचा अधिकारी ते बघायला येणार होता. त्याला पटलं नाही, तर तक्रार बंद आणि यांचा हंगाम बुडाला. आदल्या संध्याकाळी म्हातारा मिकमाक कोळी नोएल ग्लोड शेडमध्ये ते दोर सांधायला बसला, तसा विक्रम त्याच्यावर खेकसला.

"अरे, एव्हिडन्स आहे तो! हात लावू नकोस."

"तुटका दोर आमच्या घरात रात्रभर तसाच ठेवत नाहीत," नोएल म्हणाला.

"एक रात्र थांब ना, बाबा!"

नोएल उठून गेला. विक्रमनं शेडला कुलूप घातलं.

दोरांना नंबरांच्या चिठ्ठ्या लावायच्या राहिल्या, म्हणून बुधवारी रात्री पावणेबाराला तो परत आला. वारा पडला होता. त्यानं कुलूप काढलं. दार ढकललं.

आत कुणीतरी बसलं होतं.

पाठमोरी बाई. पांढरे केस जमिनीपर्यंत. हात चालू.

"कोण...?"

हात थांबले.

"हॅलो...?"

ती वळू लागली. सावकाश...

विक्रम गाडीकडे पळाला. कुलूप तसंच उघडं राहिलं.

सकाळी अधिकाऱ्यानं एकेक दोर ताणून पाहिला. चौदाही अखंड.

"कापलंय कुठे?" त्यानं विचारलं आणि फाईल मिटून तो गेला.

विक्रमनं रिकाम्या क्रेटला लाथ घातली. नोएलनं एका दोरावरून बोट फिरवत नजरेला न दिसणारा सांधा शोधला.

"हा आमच्या आजीचा हात. तिला जाऊन चाळीस वर्षं झाली."

"मग साक्ष द्यायला का नाही आली ती?" विक्रम ओरडला.

नोएलनं सांधा उजेडाकडे धरला...

पिळात एक लांब पांढरा केस विणलेला होता. चौदाही दोरांत.