आठव्या पट्टीचा शेजारी

"तुझं ते बटण... कोणी लावलं?"

हा प्रश्न माझा नव्हता, हे आधीच सांगून ठेवते. तो भोंगा आणि चिमटी या माझ्या दोन मैत्रिणींचा. एकीचा आवाज वर्गातून थेट मैदानात पोचतो आणि दुसरीला चिमटे काढल्याशिवाय बोलताच येत नाही. मधल्या सुट्टीत दोघींनी पैज लावली, की 'ब' तुकडीतल्या त्या नव्या मुलाला मी जाऊन हे विचारायचं. कारण त्याच्या पांढऱ्या शर्टाची सगळी बटणं पांढऱ्या दोऱ्याने लावलेली आणि वरून दुसरं मात्र जांभळ्या! तेही कसंबसं नाही. चार भोकांतून दोरा फिरवून छोटंसं फूल केलेलं.

"नक्की कुठल्यातरी मुलीने लावलंय," भोंगा कुजबुजली. म्हणजे अर्ध्या शाळेने ऐकलं.

"जा की," चिमटी म्हणाली. "का, तंतरली?"

माझी? आणि तंतरणार? मी तडक गेले आणि विचारलं.

त्याने मान खाली घालून आधी बटणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. इतकं सावकाश, की तेवढ्या वेळात माझ्या दोन्ही हातांचं काय करायचं ते मला कळेना.

"मीच," तो म्हणाला. "का? तुझं तुटलंय?"

"नाही."

"तुटलं की सांग."

बस्स, एवढंच. मी परत आले ती कान तापवून.

"लाल का झालीस गं?" चिमटीने विचारलं.

"ऊन लागलं."

"व्हरांड्यात?"

दुसऱ्या दिवशी मात्र मी आपण होऊन त्याच्याकडे गेले, पैजेबिजेशिवाय. असं शिवायला कुठे शिकलास, असं विचारलं. तर म्हणाला, वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये दर शनिवारी दुपारी एक गट जमतो. गोधड्या शिवतात, पण पांघरायच्या नाहीत. उशीच्या अभ्र्याएवढ्या, भिंतीवर चित्रासारख्या लावायच्या. दरवेळी सगळ्यांना मिळून एकच विषय आणि एकच आव्हान असतं, ते ज्याने त्याने आपापल्या कापडात पेलायचं.

"मलाही येतं शिवता," मी म्हणाले.

मला सुईसुद्धा ओवता येत नव्हती. प्रेमात माणूस खोटं बोलतो म्हणे. मी प्रेमाच्या आधीच सुरुवात करून ठेवली!

घरी सांगितलं तर बाबा हसायलाच लागले. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात, त्यामुळे त्यांचे विनोदही लिफ्टमधलेच असतात. "आमची ही लिफ्ट सुटते झोकात आणि अडकते दोन मजल्यांच्या मध्ये," ते म्हणाले. आई हसली नाही. आई बेकरीत केकवर नावं लिहिते, तिचा हात कधी चुकत नाही आणि तोंडही. "आरंभशूर," ती म्हणाली. "गिटार झाली, स्केटिंग झालं, बॅडमिंटनची रॅकेट कपाटावर धूळ खातेय. हे शेवटचं. हे तडीला नेलंस तर पुढे काय करायचं ते तू सांग, आम्ही ऐकू. अर्धवट सोडलंस, तर दहावीनंतर आम्ही सांगू तिकडे मुकाट्याने जायचं."

"चालेल!" मी म्हणाले. चालेल म्हणायला मला कधी वेळ लागत नाही, हीच तर माझी खोड आहे.

तर शनिवार आला. हॉलमध्ये लांबलचक टेबल, टेबलावर कापडांचे ढीग, कोपऱ्यात वाफ सोडणारी इस्त्री. गटाच्या प्रमुख म्हणजे मेजर. त्या सैन्यात कधीच नव्हत्या, ऑपरेशन थिएटरात नर्स होत्या. पण त्यांचं 'पुढे या' ऐकलं की नाव कसं पडलं ते कळतं.

"मी जिवंत माणसांना टाके पडताना उभ्याने पाहिलेत," त्या मला म्हणाल्या. "तेव्हा कापडाला घाबरायचं नाही. आधी ऐकून घ्यायचं."

त्यांनी एक मोठं छायाचित्र पसरलं. वाचनालयाच्या खिडकीतून दिसणारा आमचाच रस्ता. दुकानं, फुटपाथ, विजेच्या तारा, शेवटी एक खांब आणि त्याच्यामागे लाल जिना. मग त्यांनी कात्री घेतली आणि अख्ख्या रस्त्याच्या उभ्या नऊ पट्ट्या केल्या! प्रत्येकाने एक पट्टी घ्यायची, ती कापडात शिवायची आणि कुणालाही दाखवायची नाही. प्रदर्शनाच्या दिवशी नऊ पट्ट्या शेजारी-शेजारी लावल्या की रस्ता पुन्हा जुळला पाहिजे. शेजाऱ्या-शेजाऱ्यांनी फक्त मधल्या कडेवर खुणा ठरवायच्या. तार इथे, फुटपाथ इथे. बाकी सगळं गुपित.

"नवीन मुलीला टोकाची द्या, नववी. तिला एकच कड सांभाळायचीय," मेजर म्हणाल्या.

आठवी कुणाची होती, सांगू?

"नमस्कार, शेजारीण," तो म्हणाला.

"नमस्कार, जांभळ्या," मी म्हणाले. तेव्हापासून तो माझ्यासाठी जांभळ्याच.

आम्ही दोघांनी मिळून कागदाची एक लांब चिंधी घेतली आणि तिच्यावर कडेच्या खुणा केल्या. चार तारांच्या चार, फुटपाथाची एक. तो कागद धरायचा, मी पेन्सिल. एका खुणेला माझी पेन्सिल त्याच्या अंगठ्यावरच टेकली.

"तिथे तार नाहीये," तो म्हणाला.

"मग हलव ना अंगठा."

"हलवतो..."

आणि हलवलाच नाही!

मग त्याने मला पद्धत समजावली. आपली आकृती एका खास कागदावर गिरवायची. तो कागद कापडाच्या मागच्या बाजूला ठेवायचा, वरून इस्त्री फिरवली की चिकटतो. मग आकार कापायचा आणि पांढऱ्या कापडावर बसवायचा. त्याखाली कापूस, सगळ्यात खाली अस्तर, आणि हे सगळे थर आकारांच्या कडेकडेने आरपार धावदोरा घालून एकत्र शिवायचे. यात एक फार महत्त्वाची गोष्ट त्याने अगदी सावकाश सांगितली होती. नेमका तेव्हाच इस्त्रीच्या वाफेने त्याच्या पापण्यांवर बारीक थेंब जमले होते, आणि मी... मी ते थेंब बघत होते.

पुढचे सगळे शनिवार आणि मधले सगळे दिवस मी शिवत होते. बोटांची चाळण झाली. जिन्यासाठी मी लाल कापडं जमवली. मिरचीसारखं लाल, विटेसारखं लाल, आईच्या जुन्या गाऊनचं विटलेलं लाल. प्रत्येक पायरी वेगळी. खांब वाकडा आला, तो उसवला, पुन्हा शिवला, पुन्हा उसवला. एरवी मी उसवलं की उठते. यावेळी उसवताना मला चक्क मजा येत होती. चूक दोऱ्यासारखी अलगद ओढून काढता येते, हे मला कुणी आधी सांगितलंच नव्हतं! दोरा बदलायचा कंटाळा म्हणून सगळीकडे एकच गडद निळा वापरला. मागे अस्तराला जुन्या चादरीचं पांढरं कापड लावलं. कडेच्या खुणा चिंधीशी जुळवून पाहिल्या. एकूण एक जुळल्या.

"कुठवर आलं?" जांभळ्या रोज विचारायचा.

"गुपित."

"अगं, थोडं तरी सांग. शेजारधर्म म्हणून."

"एवढंच सांगते, तुझ्या पट्टीने माझ्या पट्टीपुढे लाजू नये."

"माझी लाजरीच आहे... माझ्यावर गेलीय."

प्रदर्शनाचा दिवस उजाडला. संध्याकाळी लोक येणार होते, आई-बाबाही. सकाळपासून मेजर एकेक पट्टी दांडीत ओवून भिंतीवर चढवत होत्या. पहिली, दुसरी... रस्ता जुळत चालला. एकीचा निळा फुटपाथ दुसऱ्याच्या करड्या फुटपाथाला मिळाला, तारा एकीतून दुसरीत सरसर धावल्या. आठवी लागली. जांभळ्याने दुकानाच्या छपराची झालर इतकी नाजूक शिवली होती, की वाऱ्याने हलतेय असं वाटावं. मग माझी लागली.

माझा लाल जिना त्याच्या झालरीला येऊन धडकला होता. त्याच्या चार तारा कडेला येऊन हवेतच संपत होत्या. माझ्या चार तारा पलीकडच्या टोकाने निघून कोऱ्या भिंतीत घुसत होत्या. माझं अख्खं चित्र आरशातल्यासारखं उलटं झालं होतं.

"मागच्या बाजूला चिकटवायचं म्हणून आकृती आधी उलटी करून गिरवायची असते..." जांभळ्या हळूच म्हणाला. "मी सांगितलं होतं ना तुला?"

"सांगितलं असशील."

मेजर ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "काम सुबक आहे गं," त्या म्हणाल्या. "पण रांगेत बसत नाही. आठच लावू. ही बाजूच्या टेबलावर ठेवू, 'पहिला प्रयत्न' असं लिहून."

पहिला प्रयत्न! म्हणजे दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली लिफ्ट. आई ते वाचणार, काही बोलणार नाही, आणि दहावीनंतर मी मुकाट्याने जाणार... कुठेतरी.

तेवढ्यात जांभळ्या स्टुलावर चढला आणि आपली पट्टी काढायला लागला.

"काय करतोयस?"

"सातच लावू देत. टेबलावर दोघांच्या ठेवू."

"का पण?"

"शेजारी आहे ना मी."

असा राग आला मला! आणि त्या रागाच्या आत काहीतरी इतकं गोड, की तो राग धड पेटेना. "तू तुझी पट्टी काढलीस ना," मी म्हणाले, "तर आयुष्यात तुझ्याशी बोलणार नाही."

तो स्टुलावरच थांबला. "आणि नाही काढली तर... आयुष्यभर बोलशील?"

मी माझी पट्टी दांडीवरून ओढून काढली आणि टेबलावर आपटली. ती पालथी पडली. पांढऱ्या चादरीची बाजू वर.

मी बघतच राहिले. त्या पांढऱ्यावर माझे टाके होते, सगळे. पायऱ्या, खांब, फुटपाथ, चारही तारा... नुसत्या गडद निळ्या रेघांत, जणू कुणी शाईने काढलंय. आणि सगळं सुलटं! तारा डावीकडे, जिना उजवीकडे. मी पट्टी तशीच उचलून भिंतीवर त्याच्या पट्टीला टेकवली. त्याची पहिली तार माझ्या पहिल्या तारेला मिळाली. दुसरी, तिसरी, चौथी. फुटपाथ मिळाला. रंगीत रस्ता धावत येत होता आणि शेवटी रंग खाली ठेवून नुसती रेघ होऊन पुढे जात होता.

"ही लावायची," मी म्हणाले.

"अगं, मागची बाजू आहे ती," मेजर म्हणाल्या. "गाठी दिसतायत. मागची बाजू कुणी लोकांना दाखवतं का?"

"मी दाखवते. गाठी माझ्याच आहेत. आणि तारा जुळतात की नाही, ते बघा ना."

मेजरनी चष्मा कपाळावर चढवला, नाक भिंतीला लागेल इतक्या जवळ गेल्या. बोटाने एकेक तार तपासली. "जुळतात," त्या शेवटी म्हणाल्या. "पण मग दांडी ओवायची कापडी नळी उसवून दुसऱ्या बाजूला शिवावी लागेल. वेळ कमी आहे, दोघं मिळून शिवा."

म्हणून आम्ही खिडकीत बसलो. एका टोकाकडून तो, दुसऱ्या टोकाकडून मी, आणि मध्ये वीतभर कापड. डोकी एकमेकांवर आपटत होती. वरच्या बाजूला माझा लाल जिना होता. आता तो भिंतीकडे तोंड करून राहणार होता, तेवढं एक मनाला लागलं.

"एवढे लाल," जांभळ्या म्हणाला, "कुठून शोधलेस?"

"आता कुणाला दिसणार आहेत?"

"मला दिसले की."

मी एक टाका घातला. दुसरा घातला. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. "ऐक. मला तू आवडतोस. शिवणं चालू असताना सांगतेय, म्हणजे हात थांबवायचा नाही."

"आई गं!"

"हे काय उत्तर झालं?"

"सुई टोचली..." त्याने बोट तोंडात घातलं, मग काढलं आणि हसला. त्याचेही कान लाल होतात, हे मला तेव्हा कळलं. "मला तर तू त्या दिवसापासून आवडतेस, बटणाच्या. घरी जाऊन मी बाकीची बटणंही तोडणार होतो, पुन्हा विचारायला येशील म्हणून."

मग आमच्या सुया मधोमध भेटल्या. शेवटची गाठ कुणी मारायची यावर भांडण झालं. मीच मारली.

संध्याकाळी हॉल माणसांनी भरला. लोक पहिल्या पट्टीपासून चालत यायचे आणि शेवटच्या पट्टीपाशी थांबायचे. भोंगा दारातूनच ओरडली, "ती कोपऱ्यातली आमच्या मैत्रिणीची!" चिमटीने मला चिमटा काढला, पण प्रेमाने.

आणि मग आई-बाबा आले. बाबा तारांच्या मागे मागे चालत आले आणि खांबापाशी पोचून म्हणाले, "अरे! पोचली की वरपर्यंत." आईने केकवर नाव लिहिताना धरते तसा श्वास धरला होता. मग एका गाठीवरून बोट फिरवलं, दुसरीवरून फिरवलं, आणि माझ्याकडे वळून विचारलं, "हे सगळं तू? एकटीने?"

मी जांभळ्याच्या शर्टाची बाही धरून त्याला पुढे ओढलं. तो पांढराफटक पडला होता. माझा आवाज मात्र भोंग्यालाही लाजवेल असा लागला.

"पट्टी मी एकटीने, दांडीची नळी आम्ही दोघांनी. आई, बाबा, मी ठरवलंय. दहावीनंतर मी कापडाचंच शिकणार. विचारत नाहीये, सांगतेय, कारण मी पुरं केलंय. आणि आठवी पट्टी याची. हा मला आवडतो, मी याला आवडते, अभ्यास बुडणार नाही, आणि लपूनछपून मला काही जमत नाही म्हणून तोंडावर सांगतेय. रागवायचं असेल तर दोन्हींसाठी एकदमच रागवून घ्या... मला अजून पुष्कळ लोकांना माझी पट्टी दाखवायचीय!"