जुनं तांबं

बसा. शुक्रवार आहे, लाइट संध्याकाळी सातशिवाय यायची नाही. तोवर सांगतो.

अठ्ठ्याऐंशी साल. रत्नाबाईचा निरोप आला तेव्हा मी दोरीवर बोंबील टाकत होतो. निरोप एवढाच, की शुक्रवारी दुपारी या, गिटारीचा भाव करायचाय. मी म्हटलं, येतो. दुरुस्त केलेल्या वस्तूचा भाव करायला मला लोक नेहमी बोलावत. मला गोड बोलता येत नाही, म्हणून बोलावत. लग्नाला कोणी बोलावत नसे.

मी चौथीपर्यंत शिकलो, तेही धड नाही. गाव घिवली. पण बोईसरला मोटारी भरायच्या कारखान्यात बावीस वर्षं काढली. विजेची मोटार भरायची म्हणजे जळालेली तार उपसायची आणि तांब्याची नवी तार वळसे मोजून गुंडाळायची. वर वार्निश द्यायचं. उन्हात ठेवलं की दिवसभरात वाळतं. शेवटी शेवटी मी तपासणीला होतो. एक रिवाज मी कधी मोडू दिला नाही. जुनं तांबं गिऱ्हाइकाला परत. त्याची जुडी बांधायची, गाठ मारायची, हातात द्यायची. नवं घातलं त्याची ती साक्ष.

भगवंत माझ्याच हाताखाली तयार झाला. रत्नाबाईचा नवरा. परभणीकडचा, डावखुरा. त्याची गाठ उलटी बसायची, शंभरात ओळखू यायची. शुक्रवारी कारखाने बंद, लाइट बंद, तेव्हा तो इथं सरावलीत माझ्या खोलीवर यायचा. दार सोडून खिडकीचा गज वाजवायचा, दोन बोटांनी, तीनदा. माझी बायको गेल्यापासून माझ्याकडे येणारा तो एकटाच. माझा टेबलफॅन जळून चार वर्षं झालेली. दर खेपेला म्हणायचा, "काका, द्या मला, भरून देतो." मी म्हणायचो, "आधी शीक. मग माझ्या वस्तूला हात लाव."

मग त्यानं कुठून मुंबईहून ती इलेक्ट्रिक गिटार आणली. वीस-बावीस वर्षांची, परदेशी. लाल रंग घासून लाकूड उघडं पडलेलं. पण मुकी. तिच्या तारांखाली एक बोटभर कॉइल असतो, आवाज त्यातून येतो. त्यावर सात हजार वळसे, तार केसाहून बारीक. तो तुटलेला. भगवंतानं महिनाभर बसून तो भरला आणि गिटार टपरीवर माझ्यापुढे आणून ठेवली. पालघरचा शांताराम तिथं चहा पीत होता, लग्नात ऑर्केस्ट्रा वाजवणारा. आणखी चार जण होते. भगवंत म्हणाला, "काका, भाव करा."

मी उघडून बघितलं. वळसे सैल होते. पहिल्या खेपेला एवढं जमलं हेच पुष्कळ, पण ते माझ्या तोंडातून निघालं नाही. मी म्हणालो, "भंगारात टाक. तांब्याचे काय येतील ते येतील, लाकूड चुलीत घाल."

सगळे हसले. तोही हसला. गिटार फडक्यात गुंडाळली नि गेला.

पुढच्या शुक्रवारी गज वाजला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मग कळलं, कावीळ झाली. मग कळलं, गेला. जाळायला नेलं तेव्हा मी मागं उभा राहिलो.

त्यालाही चार महिने झाले होते, तेव्हा हा निरोप.

शुक्रवारची दुपार सरावलीत कशी असते ते बघताच आहात. एरवी कारखान्यांची घरघर कानात इतकी बसलेली, की ती थांबली की कान दुखायला लागतात. त्या दिवशी माझ्याच चपलांचा आवाज मला नको वाटत होता. रत्नाबाईची खोली ओळीत शेवटची, वर पत्रा, आत लाकडी पोटमाळा. शांताराम आधीच येऊन बसला होता.

"काका, लाकडाचं मला कळतं," तो म्हणाला. "मान सरळ हाय. कॉइलचं तुम्ही बोला. चोख असंल तर चौदाशे देतो, नाय तर चारशे. लग्नात मधीच मुकी झाली तर नवऱ्याच्या आधी माझी वरात निघंल."

रत्नाबाई भिंतीला टेकून उभी होती. म्हणाली, "महिन्याअखेर खोली सोडायचीय, काका. भाऊ न्यायला येतोय. एवढी गिटार गेली की मी सुटले."

मी चार स्क्रू काढले. वास आला. वार्निशचा, ताजा. बोट लावलं, बोटाला चिकटलं.

कॉइल मी ओळखला नाही. ते सैल वळसे कुठंच नव्हते. तार अशी बसलेली, की मलासुद्धा इतकी बसवता आली नसती. आणि शेवटाला गाठ. उलटी.

"कोणी भरला हा?" मी विचारलं.

"कोणी म्हंजे? त्यांनीच. तुमी बघितला ना तवा."

"तो नव्हे. हा काल भरलाय."

"काका, ते गेल्यापासून फडकं सुटलं नाही."

"जुनं तांबं कुठाय?"

तिला प्रश्नच कळला नाही. मीटर लावला, काटा जिथं यायला हवा तिथं आला. भाव चौदाशे, त्यात वाद नव्हता. पण माझी जीभ वळेना. बावीस वर्षांची सवय, दुसरं काय. उजव्या अंगाला दोन वळसे जरा चढले होते. कुठल्याही तपासणीत पास झाले असते. मी म्हणालो, "उजवीकडं वळसे चढलेत. असा नाय चालणार."

शांताराम कपाळाला हात लावून म्हणाला, "मग चारशे?"

"पुढल्या शुक्रवारी बघू," मी म्हटलं. का म्हटलं, मला माहीत नाही.

पुढच्या शुक्रवारी स्क्रू काढले. उजवं अंग सपाट, सुरीनं कापल्यासारखं. सगळा कॉइल नव्यानं भरलेला. वार्निश ओलं.

शांताराम बिडी ओढायला बाहेर गेला, तशी रत्नाबाई जवळ आली. तिचा आवाज पार खाली गेला होता.

"काका... मंगळवारपासनं माळ्यावर आवाज येतो. दुपारचाच. हँडल फिरवल्यावानी... कट् कट् कट्..."

"वायंडिंगचं मशीन असंल त्याचं."

"ते मी पैल्याच महिन्यात विकलं..."

मी वर बघितलं. पोटमाळ्यावर एक रिकामी ट्रंक आणि अंधार. तेव्हा मला कळलं, की भगवंत वर बसला आहे. मी म्हणालो होतो भंगार, म्हणून बसला आहे. मी बरं म्हणेपर्यंत भरणार, सोडणार, पुन्हा भरणार.

आता तुम्ही म्हणाल, मग तिथंच भाव सांगून मोकळं व्हायचं. शहाण्या माणसानं तेच केलं असतं. मी काय केलं सांगतो. मी कॉइल डोळ्याशी धरला, खोट काही मिळेना, तर एक रचली. म्हणालो, "टोकाची तार अर्धा इंच आखूड सोडलीय." नि उठलो. रस्त्यानं येताना मला बरं वाटत होतं. लाज वाटते सांगायला. चार महिन्यांत पहिल्यांदा वाटलं, की शुक्रवारी कोणीतरी आपली वाट बघतंय.

तिसऱ्या शुक्रवारी टोकाची तार अर्धा इंच लांब होती. मी पट्टी लावली. बरोबर अर्धा इंच.

रत्नाबाई ओळखू येत नव्हती. डोळे आत गेलेले, केस विंचरलेले नाहीत. शांताराम होता म्हणून आधी गप्प राहिली, मग त्याचीही पर्वा केली नाही. माझ्यापुढं खालीच बसली.

"काका, मी ताट वाढून माळ्याच्या शिडीशी ठेवते. ते हात लावत नाहीत. कामाला बसले की असंच करायचे... काम पुरं झाल्याबिगर उठायचे नाहीत. उद्या भाऊ येतोय. मी त्यांना असं बसवून कशी जाऊ?"

शांताराम म्हणाला, "वहिनी, काय बोलता हे..." आणि तिथंच थांबला.

वरून आवाज आला होता. कट्. कट्. कट्. सावकाश. हँडल फिरवणारा दमला की फिरवतो तसा. मग थांबला. खोलीत कोणी हलेना. कारखाने बंद, पंखे बंद, बाहेर कुत्रं नाही. काम हातात धरून कोणी तुमच्या तोंडाकडं बघतं ना, तसली ती शांतता. बावीस वर्षं मी ती ओळखतो. भगवंत माझ्यासमोर असाच उभा राहायचा.

खोट रचायला अजून पुष्कळ होत्या. एक तर जिभेवर आली होती. मग ते शिडीशी ठेवलेलं ताट दिसलं. भाकरी वाळून कडेनं वर आली होती.

मी म्हणालो, "चौदाशे. एक पैसा कमी नाय." आणि वर तोंड करून म्हणालो, "काम चोख हाय, भगवंता. ऊठ आता. जेव."

हँडल खाली ठेवल्यासारखा एक बारीक आवाज झाला. मी कॉइलला बोट लावलं. वार्निश खडखडीत वाळलेलं.

शांतारामानं पैसे तिच्या हातात न देता जमिनीवर ठेवले, गिटार उचलली आणि निघून गेला. पुढं दोन वर्षं तो लग्नात ती वाजवत होता, कधी मुकी झाली नाही. रत्नाबाई दुसऱ्या दिवशी भावाबरोबर गेली. जाताना माझ्या पाया पडली. मी पाय मागं घेतले. मला ते सोसलं नसतं.

म्हटलं, संपलं. आता शुक्रवार येतील नि जातील.

चौथ्या शुक्रवारी, दुपारीच, मी ह्याच बाजेवर पडलो होतो. गज वाजला. तीनदा. उठून खिडकीशी गेलो. गल्लीत कोणी नाही, ऊन तेवढं. खिडकीच्या फळीवर तांब्याच्या जुड्या ठेवलेल्या. मी मोजल्या. पहिली त्याच्या सैल कॉइलची, त्यालाच टपरीवर मी भंगार म्हणालो होतो. दुसरी चढलेल्या वळशांची. तिसरी मी रचलेल्या खोटीची. तिन्ही केसाहून बारीक, तिन्हींवर उलटी गाठ. जुनं तांबं परत. माझाच रिवाज.

पण जुड्या चार होत्या. चौथी जाड तारेची, जळून काळी पडलेली.

माझ्या घरात जाड तारेची वस्तू एकच, तो जळालेला टेबलफॅन. मागं वळलो तर वारा तोंडावर आला.

तेव्हापासून चालू आहे. लाइट असो नसो, शुक्रवारी दुपारी चालतो. मी जाळी काढून कॉइल कितीदा बघितला असेल. खोट नाही. रचलेलीसुद्धा नाही सुचत, इतकं काम चांगलं आहे. फक्त चांगलं आहे म्हणायचं, की तो उठेल. रत्नाबाईसाठी सांगता आलं ते मला माझ्यासाठी सांगता येत नाही. आज आठ वर्षं झाली. दर गुरुवारी ठरवतो, उद्या सांगू.

तुम्हाला घाम आलाय. थांबा, पंखा तुमच्याकडं वळवतो... मागच्या बाजूला हात लावू नका तेवढा. वार्निश ओलं आहे.