गुंतवळाची पिशवी

लिफ्टच्या दारानं माझा स्कार्फ धरला आणि लिफ्ट वर निघाली.

मी ओढला, तो येईना. मानेशी आवळायला लागला तशी घाईघाईनं गाठ सोडली... आणि सर्रकन तो फटीतून खाली गेला. डोकं उघडं! पोरींनो, माझं डोकं म्हणजे मधोमध उजाड आणि कडेला चार शेपट्या. घरात सुनांनीसुद्धा ते कधी पाहिलं नव्हतं. आणि लिफ्टमध्ये मी एकटी नव्हते.

कोपऱ्यात एक गृहस्थ उभा होता. वयानं माझ्याएवढाच, अंगात गडद कोट, डोक्याला लोकरीची टोपी. त्यानं टोपी काढली, न बघताच माझ्यापुढे धरली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. मागून त्याचं डोकं दिसलं, घासलेल्या पातेल्यासारखं लख्ख.

"घाला," तो भिंतीला म्हणाला. "मी काही पाहिलेलं नाही."

"काय पाहिलं नाही?"

"जे नाहीच, ते कसं दिसणार?"

अंगाची लाही लाही झाली. पण टोपी घातली. ऊबदार होती ती... ती ऊब कुणाच्या डोक्याची, हा विचार मी तिथल्या तिथे झटकून टाकला.

"परत कुठे करायची?"

"नदीकडच्या रस्त्याला, घड्याळवाल्याच्या वरचा मजला. पाटी शोधू नका. मी केसांचे टोप बनवतो. माझ्याकडे येणाऱ्यांना पाटी नकोच असते."

लिफ्ट थांबली. तो उतरला तेव्हासुद्धा भिंतीला चिकटून, तिरका-तिरका चालत उतरला. मला हसू आलं आणि हसू आल्याचाच राग आला.

मी वर डॉक्टरीणबाईकडेच निघाले होते. ती कागदावर गोल काढून समजावते : पाळी गेली की हार्मोन कमी होतात, उरलेल्यांचं प्रमाण बिघडतं, मग केस बारीक होत होत गळतात. मी म्हटलं, बाई, अंगातलं कामगार मंडळ संपावर गेलंय, एवढं कळलं, आता उपाय सांगा. उपाय काय कमी केले? एरंडेल चोपडलं, उशा खराब झाल्या. कांद्याचा रस लावला, तर थोरली सून घरभर हुंगत फिरली, "आई, कांदा कुठे सडलाय?" मग बाईनं डोक्याला चोळायचे थेंब दिले. सांगितलं, आधी आणखी गळतील, घाबरू नका, मग येतील. पहिलं वचन थेंबांनी चोख पाळलं. दुसऱ्याची मी वाट बघत होते.

आणि वाट बघायला वेळ नव्हता. धाकट्या लेकीचं लग्न तोंडावर आलेलं. नवरा गेल्यावर मी एका इस्त्रीवर लाँड्री उभी केली, दोन मुलगे हाताशी वाढवले, आज गावातले मोठे मोठे लोक माझ्या कडक कॉलरी घालून मिरवतात. त्या मांडवात, त्या कॉलरींसमोर, मी डोकं बांधून बसायचं? लोक कुजबुजणार, आजारी आहे वाटतं, आता कारभार मुलांकडे जाणार. मला कुणाची कीव नको होती.

म्हणून टोपी परत करायला गेले, तेव्हा सोबत पिशवी नेली.

त्याच्या खोलीत लाकडी डोक्यांची रांग होती. कुणाला केस, कुणाला नुसती जाळी. खिडकीशी तो सुईनं एकेक केस जाळीत गाठ मारून बसवत होता.

"या," तो उठला. "टोपीला सोडवत नव्हतं वाटतं?"

"वास येत होता, धुऊन वाळत घातली होती. मी लाँड्रीवाली आहे."

"मग माझा वास गेला म्हणायचा."

"गेला. बरं झालं."

मी पिशवी टेबलावर ठेवली. कितीतरी वर्षांचं गुंतवळ होतं तिच्यात. आई म्हणायची विंचरलेले केस फेकू नयेत, म्हणून गोळे करून ठेवायची खोड मला लागली होती. आत काळेभोर होते, मग करडे, वर वर पांढरे.

"याचा टोप करा. दुसऱ्या बाईचे केस मी डोक्यावर घेणार नाही."

त्यानं एक गोळा उचलला, उजेडाला धरला. काहीतरी बोलायला तोंड उघडलं... मिटलं.

"होईल," तो म्हणाला. "माप द्या."

"स्कार्फवरून घ्या."

"मालकीणबाई, कोटावरून बनियनचं माप सांगताय."

"घ्यायचं तर घ्या, नाहीतर निघते."

त्यानं स्कार्फवरूनच घेतलं. फीत कपाळावरून, कानामागून... मग दोन्ही तळहात डोक्यावर ठेवून थांबला, आकार हाताला कळावा म्हणून. हलके हात होते. मी डोळे मिटले. का मिटले, विचारू नका.

त्यानंतर मी जात राहिले. "झाला का?" "अजून नाही." पुढच्या वेळी, "झाला?" "अजून नाही, चहा घ्या." चहा तो फार गोड करायचा आणि मी नावं ठेवत सगळा प्यायचे. लाकडी डोक्यांना त्यानं नावं दिली होती, एकाला 'जावई' म्हणायचा, कारण ते कुठेही ठेवलं तरी वाकडंच बसायचं. मी हसायचे. आणि जिना उतरताना दिवस मोजायचे. लग्न जवळ येतंय, टोपाचा पत्ता नाही. हा माणूस मला खेळवतोय. माझ्यासारखीला!

अशातच ती सकाळ उजाडली. इस्त्रीच्या खोलीत वाफ दाटलेली. थोरला मुलगा आला, मागे थोरली सून. दोघांचे चेहरे उतरलेले.

"आई, नदीकडच्या रस्त्याला तू कुणाकडे जातेस?"

माझा हात थांबला. "कोण म्हणतं?"

सून हळूच म्हणाली, "मागे मी समोरच्या घरी पडदे पोचवायला गेले होते. खिडकीत दिसलं... त्यांनी तुमचं डोकं दोन्ही हातांत धरलं होतं. आणि तुमचे डोळे मिटलेले."

खोलीतल्या सगळ्या इस्त्र्या थांबल्या.

खरं सांगायचं तर स्कार्फ सोडावा लागणार. इथे, कामगारांसमोर, सुनेसमोर. ती डोळ्यांत पाणी आणणार, मला जवळ घेणार... नको! जीव गेला तरी नको. आणि मग माझ्याच तोंडून निघालं,

"मग? आहे माझं त्यांच्यावर मन. लग्न करणार आहे मी त्यांच्याशी. कुणाला काही म्हणायचंय?"

कुणाच्या तरी शर्टाची कॉलर जळल्याचा वास आला.

मुलानं गाडीच्या किल्ल्या उचलल्या. "ठीक आहे. मी आत्ताच जाऊन त्यांना भेटतो."

"आधी जळकी कॉलर बघ! गिऱ्हाईक दारात येईल!" मी ओरडले. तो वळला, आणि मी मागच्या दारानं बाहेर पडले. त्या वयात मी कशी धावले, माझं मला ठाऊक. ज्याला पत्ताच नाही, त्याच्याशी माझं लग्न ठरलं होतं. तो हसला तर? मुलासमोर हसला तर?

वर पोचले तेव्हा धापेनं शब्द फुटेना. आणि त्यानं नेहमीसारखी मान हलवली, "अजून नाही."

"किती दिवस खेळवणार आहात मला?"

तो नुसता बाजूला सरकला.

टेबलावर पांढरं कापड होतं. त्यावर केस मांडलेले. एकाशेजारी एक, सरळ, काळे, करडे, पांढरे. माझे. टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"गुंतवळात मुळं-टोकं उलटसुलट असतात," तो म्हणाला. "तसाच टोप केला तर एका विंचरण्यात जट होते. एकेक केस सोडवून सगळ्यांची मुळं एका बाजूला आणावी लागतात. बोटं पुढे करा."

त्यानं एक केस माझ्या अंगठ्या-बोटात दिला. "चोळा." मी चोळला. तो केस आपला आपण सरकायला लागला, बोटांतून, एकाच दिशेनं...

"मुळाकडे चाललाय," तो म्हणाला.

"असा... एकेक?"

"एकेक."

"मग पहिल्याच दिवशी सांगायचं होतं की याला एवढा वेळ लागेल!"

"सांगितलं असतं, तर पिशवी उचलून गेला असतात."

खाली रस्त्यावर गाडीचं दार आपटलं.

"ऐका," मी म्हटलं, "मी एक घोळ घातलाय. घरी सांगितलंय, की आपलं... की मी तुमच्याशी... डोक्याचं सांगवेना म्हणून. मुलगा येतोय वर."

तो हसला नाही. हातातली सुई त्यानं जपून टोचून ठेवली. "म्हणजे खोटं बोललात?"

जिन्यात पावलं वाजायला लागली.

"तेच विचारायला आलेय," मी म्हटलं. "खोटं होतं का?"

"माझ्यापुरतं विचाराल तर..." त्यानं कापडावरचा एक केस सरळ केला. "मी लिफ्टमध्येच सांगितलं असतं. पण मी भिंतीशी बोलत होतो."

पावलं जवळ आली. मी गाठीला हात घातला. त्यानं सवयीनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

"इकडे बघा," मी म्हटलं, आणि स्कार्फ सोडला.

त्यानं पाहिलं. बरंच पाहिलं. कीव शोधली मी त्याच्या डोळ्यांत, कसून शोधली... सापडली नाही. मग त्यानं फीत उचलली.

"आता खरं माप घेऊ?"

"घ्या."

दार उघडलं. मुलगा उंबऱ्यातच खिळला. माझ्या डोक्याकडे बघितलं, फितीकडे, मग पुन्हा डोक्याकडे.

"आई... तुझे केस?"

"टेबलावर आहेत," मी म्हटलं. "दार लावून घे, वारा येतोय. एकेक करून मांडलेत यांनी."