रत्नाचा गार हॉल

मंचरबाहेर, हायवेला लागून, बटाट्याचं एक जुनं कोल्ड स्टोरेज होतं. बटाटा गेला आणि तिथं डेटा सेंटर आलं. शेड तीच, आत कपाटांच्या रांगांत अष्टौप्रहर चालणारे कॉम्प्युटर. नवसाच्या पोरांपेक्षा त्यांचे लाड जास्त. जरा तापले की बिघडतात, आणि त्यांना गार ठेवण्यातच ढीगभर वीज जाते. म्हणून कंपनीनं दोन हॉल दोन इंजिनिअरांच्या हवाली केले. एक आळे गावच्या चांगदेवाच्या, दुसरा डिंभे धरणाकडच्या रत्नाच्या. कमी विजेत जो जास्त गारवा राखील, तो नव्या मोठ्या सेंटरचा प्रमुख.

चांगदेवानं जिवाचं रान केलं. ओल्या जाळ्या लावून बाहेरची हवा आत ओढली, गार पाण्याचे पाइप थेट मशिनांच्या पाठीशी नेले. वीज खरंच कमी झाली. पण रत्नाच्या हॉलचे पंखेच बंद होते, आणि तरी आत पौषातल्या पहाटेचा गारठा.

चांगदेवाचा जळफळाट झाला. कंपनीचे साहेब तिचं कौतुक करू लागले की हा तिथून उठून जायचा. ही लबाडी करतेय, याची त्याला खात्री होती. उष्णता नाहीशी होत नाही, ती कुठंतरी जातेच. हे शाळेतल्या पोरालाही कळतं.

एका दुपारी तो उष्णता दाखवणारा कॅमेरा घेऊन तिच्या हॉलमध्ये शिरला. या कॅमेऱ्यात तापलेलं ते नारिंगी दिसतं, गार ते निळं. मशिनं चालू होती, दिवे लुकलुकत होते, पण कॅमेऱ्यात रांगच्या रांग निळी. त्यानं एका मशिनच्या पाठीमागे हात धरला. तिथून गरम झोत यायला हवा होता. उलट हवाच आत ओढली जात होती. हळूहळू, मधे थांबून, पुन्हा. ओल्या मातीचा वास येत होता.

"काय हुडकताय, भाऊ?"

रत्ना रांगेच्या टोकाला उभी होती. बाहेर चैत्र पेटला होता आणि तिच्या अंगात जाड स्वेटर होता. त्यानं कॅमेरा तिच्याकडे वळवला.

भिंत निळी होती. रत्नाही निळी होती.

शहाणा माणूस तिथून पळाला असता. चांगदेवाच्या मनात एकच आलं: हिला मिळालं, मग मला का नाही?

"कसं केलंस?"

"मी काय केलं न्हाई. ते हितं आधीपासनंच व्हतं. त्याला ऊब लागती." ती जरा थांबली. "मला लई दिवसांत ऊनच लागलं न्हाई."

"मला दे."

"खरंच पायजे?"

"दे म्हणतो ना."

तिनं हात पुढं केला. त्यानं धरला.

रत्नानं हॉल आपणहून सोडला. पुढं सगळं चांगदेवाच्या मनासारखं झालं. नव्या सेंटरच्या पाटीवर त्याचं नाव लागलं, आवारात मांडव पडला, पेढे वाटले. साहेबांनी त्याचा हात हातात घेतला, पटकन सोडला आणि पँटला पुसला.

चांगदेव मांडवातून बाहेर आला.

चपला काढून तो रस्त्यावर उभा राहिला. डांबर वितळून तळव्यांना चिकटत होतं. चटका बसत नव्हता.

गेटपाशी रत्ना गाडीची वाट बघत होती. तिच्या कपाळावर घाम डवरला होता. एक थेंब कानशिलावरून गळ्याशी ओघळला. तिनं तो पुसला नाही.

चांगदेव त्या थेंबाकडे बघत राहिला. आजवर कुणाचा एवढा हेवा त्याला वाटला नव्हता.