बिननावाची घागर

पटो न पटो, यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. मी स्वतः त्या घरात होतो. भूतबित मानणारा माणूस नाही मी. पण त्या दिवसापासून आमच्या घरचं पाणी माझ्या घशाखाली उतरत नाही.

साल २००६. गाव बोरी अरब, तालुका दारव्हा. अखजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा दिवस. भर दुपारचे बारा.

बाबांना, किसनरावांना, जाऊन तीन महिने झाले होते. फौजी माणूस. शेवटी सारखं पाणी मागायचे अन् तोंडात घातलं की थुंकून द्यायचे.

आमच्याकडे अखजीला गेलेल्या माणसाच्या नावानं मातीची घागर भरतात, अन् एकाला पितर म्हणून जेवायला बसवतात. तो त्या घागरीतलं पाणी प्यायला, की मेलेल्याला पोचलं.

आईचा सगळा जीव त्या एका घोटात अडकला होता.

"तहानलेला गेला रे बापा. आज तरी त्यायले पाणी पोचू दे."

म्हणून मी शहाणपणा केला. बाबांच्याच पलटणीतल्या नानाजींना पितर म्हणून बोलावलं. दोघं पस्तीस वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. झेंडावंदनालाही दोन टोकांना उभे राहायचे. म्हटलं, मेल्यावर कसलं वैर?

घागर माजघरात ठेवली, भाव नाही म्हणून पडून राहिलेल्या कापसाच्या ढिगाजवळ. तोंडावर पळसाची पत्रावळ. खोलीत कोणी नव्हतं...

खाक्...

थू.

मी धावत गेलो. कोणी नाही. पत्रावळ जागेवर. ती उचलली, अन्...

पाण्यावर थुंकी तरंगत होती. घट्ट, पिवळी.

शी! वाटलं, कोणाचा तरी पाजीपणा. घागर घासली, पुन्हा भरली, समोरच ठिय्या मारला. नजर हलवली नाही.

खाक्...

थू.

माझ्या देखत! पत्रावळ हललीसुद्धा नाही. आत पुन्हा तेच.

तेवढ्यात नानाजी आले. घागरीत डोकावले अन् घागरीशीच बोलले.

"अजून थुकूनच राह्यला काय रे किसन्या!"

"काय झालं, काका?"

"एकाहत्तरच्या लढाईनंतर कैद्याईवर पहारा होता आमचा. एक जण तापानं फणफणला होता. पाणी मागे. तुह्या बापानं पाण्याचा मग भरला, त्यात थुकला, अन् म्हणे, पे."

त्यांनी घागरीवर पत्रावळ परत झाकली.

"पेला तो, कपिल. तहान होती ना. दुसऱ्या दिवशी गेला. सारे हासले होते. मीबी हासलो. मंग तुह्या बापाचं तोंड पाह्यलं नाही मी. माह्यं बी आरशात पाहवत नाही."

मला माझ्या सख्ख्या बापाची किळस आली. खरं सांगतो. लहानपणी त्यांच्या ताटात जेवलेला घास न् घास आठवला.

आई मात्र उठली. कोरी घागर घेऊन आली.

"त्याच्या नावानं आधी भरतो. मंग माह्या माणसाले पोचंन. नाव काय होतं त्याचं?"

नानाजी टोपी काढून हातात फिरवू लागले.

"सांगा ना भाऊजी, नाव सांगा."

"नंबरानं बोलवत होतो वहिनी. नाव... कोनं इचारलंच नाही."

तेव्हापासून दर अखजीला दोन घागरी भरतो. बाबांची दरवर्षी तशीच नासते. अन् दुसरी? मातीची घागर, चव्वेचाळीस डिग्री ऊन, तरी थेंबभर पाणी कमी होत नाही. बाहेरून ओलीसुद्धा होत नाही. त्याला आमचं पाणी नकोच असेल. कसं हवं असेल?

नानाजीही गेले. आई ऐंशीची झाली. ती त्या घागरीला कान लावून बसते.

"बापा, नाव सांग रे तुह्यं. एकडाव सांग."

आतून कोणीतरी आवंढा गिळतं...

नाव येत नाही.