वरवंट्याची कुंची

कंदील जरा इकडं सरकव वं पोरी, सुई दिसत नाही मले. लेकराची कुंची शिवून राह्यली. हासतं काऊन? ह्या वयात म्हातारीले लेकरू होत नाही, येवढं मले बी समजते.

सी.पी. बेरारच्या राजातली गोष्ट. आमी देऊळघाटचे. माही वयनी, वच्छलाबाई, बुलडाण्याले जनानी दवाखान्यात होती. मी रोज बैलाच्या दमणीत बसून तिच्यासाठी भाकर अन् आंबाडीची भाजी घेऊन जात होती.

त्याच्या कैक वर्सं आधी वयनीचे दिवस भरले होते, भरून उलटून गेले, पण लेकरू काही झालं नाही. सुइणी थकल्या. पोट तसंच राह्यलं, मंग कडक झालं. वर्सं गेली. मी मस्करी करो, "वयनी, तुहा पोरगा आतच मिशा फुटायची वाट पाहून राह्यला." ते बी हासे.

मंग ताप सुरू झाला, तवा तिले दवाखान्यात ठेवलं. डॉक्टरीणबाईनं अकोल्याहून पोटाचा फोटो काढून आणवला अन् खिडकीच्या उजेडात धरला. काळ्या काचेवर बारीक बारीक हाडं, चिमणीच्या पिल्लावानी मुडपलेली. लेकरू पिशवीच्या बाहेर वाढलं, तिथंच मेलं, अन् वयनीच्या आंगानं त्याच्याभोवती चुना बांधून त्याचा गोटा केला, असं तिनं समजावलं. तिनं बी हे पुस्तकातच वाचलं होतं. आता आत पू झाला होता. कापलं तं रगत थांबन का नाही, भरोसा नाही. नाही कापलं तं तापानं जाईन. माहा भाऊ पंजाबराव, वयनीचा नवरा, डॉक्टरीणबाईलेच पुसे, तुमीच सांगा, काय करू.

शेवटी वयनीच बोलली.

"कापा. पण आधी बारसं करा… बिननावाचं नोका काढू त्याले."

आपल्यात कसं, पाळण्याखालून पयले वरवंटा फिरवतात, कुंची घालून. त्याले नाव द्यायचं नाही. मंग लेकरू घ्यायचं, अन् आत्यानं त्याच्या कानात नाव सांगायचं. आत्या मी. माही माय, रुखमाबाई, घरचा वरवंटा पदराखाली झाकून घेऊन आली. कुंची मीच शिवली.

दुपारचं सामसूम होतं. फिनाईलचा वास, अन् वाळ्याच्या पडद्याचं पाणी टप… टप. पाळणा कुठचा तिथं? मायनं अन् मी खाटीच्या खालून, वयनीच्या वरून वरवंटा फिरवला. आता लेकरू घ्यायचं. ते तं पोटात. मी पोटापाशी तोंड नेलं, पदर लागला तरी वयनी कळवळली, येवढं दुखे.

माय म्हणे, राहू दे, वरवंट्याच्याच कानात सांग.

मले हासू आलं. म्हटलं, "माय, याचा कान कोणत्या आंगानं हाय?" वयनी बी हासली. ते तिचं शेवटचं हासणं.

मी कुंचीत तोंड घालून नाव सांगतलं. दगड गरम होता… अन् दुधाचा वास आला.

"गीताबाई," वयनी मले हळूच म्हणली, "हलकं झालं वं मले…"

आमाले वाटलं, जिवाले समाधान झालं बिचारीच्या.

सकाळी तिले आत नेलं. आमी व्हरांड्यात. लय वेळानं डॉक्टरीणबाई दारात आली, हात रगतानं भरलेले, तसेच लोंबत.

"काल माझ्या हाताला लागत होतं," ते मायले म्हणली. "फोटोत दिसतंय… आत नाही."

जागा तेवढी होती, गोट्याएवढी, अन् रिकामी. रगत मातर थांबेना. तिनं काय नाही केलं? दाबलं, बांधलं, पुन्हा उघडलं. आमाले नुसतं बसणं होतं. दिवेलागणीले वयनीनं डोळे उघडले.

"रडला का?"

मायनं तिच्या तोंडात पाणी सोडलं. तिनं पुन्हा पुसलं, मंग पुसणंच सोडलं. त्याच राती गेली.

वरवंटा घरी आला. मायनं त्यानं पुन्हा कधी मसाला वाटला नाही. माय गेली, भाऊ गेला, आता तो माह्यापाशी, मागच्या खोलीत. नाव नको पुसू. एकडाव मस्करीत हाक मारली होती मी. पुन्हा नाही मारली.

हे पाह्य, ही त्याची पयली कुंची. माह्या मुठीवर बसते. ही दुसरी. ही त्याले लहान होऊन उसवली, मंग ही शिवली. अन् ही आताची… ये, तुह्या डोक्याले लावून पाहू.

हाव. बरोबर बसली. म्हणजे त्याले बी बसन.

हालू नोको वं. गाठ कुठं येते ते पाहू दे.