पलंगाएवढा फरक

शिखरावरच्या केंद्रात एक प्रकाशघड्याळ, दोन बॅटऱ्या, तीन ब्लँकेटं, चार ताटं आणि एक माणूस, एवढं होतं. ताटं चार का, हे चारुताला सहा वर्षांत कळलं नव्हतं.

दुसरं प्रकाशघड्याळ खाली गुहागरला, अप्पांच्या माडीवर होतं. तांदळाच्या डब्याएवढं, थंड केलेल्या अणूंची कंपनं प्रकाशाने मोजणारं. उंचावर वेळ किंचित भरभर चालते, आणि ही घड्याळं इतकी काटेकोर की एका सेंटिमीटरचा चढउतारही त्यांच्या वेळेत दिसे. डोंगर वर्षाला किती उचलला जातो, ते या जोडीने मोजायचं होतं. अट एकच होती, घड्याळं जागची हलवायची नाहीत. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेल्या आपल्या वडिलांइतका भरवशाचा राखणदार तिला सुचला नव्हता. रोज चहाआधी माडी चढायची, हिरवा दिवा पाहायचा आणि तिला फोन करायचा. दिवसभरात तिच्या कानावर पडणारा तेवढाच माणसाचा आवाज.

त्या मंगळवारी पडद्यावर उंचीतल्या फरकाचे रोजचे अकराशे बारा मीटर नव्हते. खालचं घड्याळ मंदावलं होतं. तिने गणित तीनदा केलं. घड्याळ दोन मीटर अठ्ठ्याऐंशी सेंटिमीटर खाली उतरलं होतं.

फोन वेळेवर आला.

"हिरवा आहे गं."

"अप्पा, माडीवर गेला होतात?"

"मग काय, उडत गेलो?"

"घड्याळ माडीवर नाहीये."

"तुला तिथून दिसतं?"

"मोजता येतं."

"आमच्या आजोबांकडे भोक पाडलेली वाटी होती. पाण्यात बुडली की एक घटका झाली. ती बिचारी कुणाच्या चहाड्या करत नसे." मग त्यांचा आवाज उतरला. "गणपती झाल्यापासून जिना होत नाही, चारू. पंधरा दिवस न बघताच 'हिरवा' म्हणत होतो. बरं वाटेना. काल शेजारच्या विनूकडून खाली आणवलं. पलंगावर, उशाशी आहे. पाणसळ लावून ठेवलंय, केसभर कलायचं नाही."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू आली असतीस. सहा वर्षांची नोंद मोडली असती तुझी."

"जेवता ना नीट?"

"डबा येतो. एका माणसाला लागतं किती?"

आकड्यात दोन पूर्णांक अठ्ठ्याऐंशीची दुरुस्ती घातली असती, तर नोंद चालू राहिली असती. तिने ती टाइप केली. मग खोडली. खाली घडलं ते लिहिलं, 'नोंद येथे थांबवली' अशी ओळ घातली आणि जीप मागवली.

शुक्रवारी तिने अप्पांच्या पलंगाशेजारी जमिनीवर गादी घातली. उशाशी शिखरावरचं घड्याळ ठेवलं. अप्पांनी पलंगावरून वाकून पाणसळ धरली, "अजून डावीकडे, अजून," म्हणत तिला दमवलं. मग तिने दोन्ही घड्याळं जोडली.

तासाभराने पडद्यावर आकडा आला.

उंचीतला फरक : सेहेचाळीस सेंटिमीटर.